बेअरिंग, बोवन आणि अप्पांचा मोहोर

बोवन, म्हणजे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावरचं एक गाव, आमच्या लिस्टमध्ये नव्हतंच. आधी हे सांगून टाकते, कारण नंतर सगळ्यांनी विचारलं की अगं तिथं चार दिवस काय केलंत, एअरली बीच सोडून बोवनला कोण राहतं?

तर झालं असं की गेल्या जुलैमध्ये आई-अप्पा देवगडहून ब्रिस्बेनला आले होते आणि लेकीला विंटरची शाळेची सुट्टी होती. नवऱ्याने त्याआधी वर्षभर डोकं खाऊन एक सेकंडहँड कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतली होती, अठरा फुटी, एका रिटायर्ड जोडप्याकडून, आतमध्ये पडदे अजून त्या काकूंच्याच आवडीचे आहेत, फुलाफुलांचे. ठरलं की आई-अप्पांना घेऊन केर्न्सपर्यंत जायचं, ग्रेट बॅरियर रीफ दाखवायचं, परत यायचं. ब्रूस हायवे, एका बाजूला सोळाशे-सतराशे किलोमीटर. आईने कॅरॅव्हॅन पाहिल्यावर पहिलं वाक्य काय असेल, तर "हॉटेलां बंद पडली काय तुमची?"

झोपायची व्यवस्था अशी की आई-अप्पा आत डबल बेडवर, लेक बंकवर आणि आम्ही दोघं बाहेर ॲनेक्समध्ये, म्हणजे स्वतःच्या कॅरॅव्हॅनच्या बाहेर तंबूत. असो.

मकाय सोडलं तेव्हा सगळं छान होतं. उसाचा सीझन सुरू झालेला, रस्त्याच्या कडेने ती छोटी उसाची रेल्वे चालते, दोन फुटी रूळ, डबे म्हणजे नुसते लोखंडी पिंजरे उसाने भरलेले. अप्पा म्हणाले, "आमच्याकडे ट्रॅक्टराक चार ट्रॉल्ये लावतत, हेंनी सरळ गाडीच केली." गाडीतला यूएचएफ रेडिओ आम्ही चॅनल चाळीसवर ठेवतो, ट्रकवाले त्यावरच बोलतात, आणि प्रॉसरपाइन ओलांडल्यावर मागच्या ट्रकवाल्याचा आवाज आला की फुलाफुलांचे पडदेवाली कॅरॅव्हॅन, तुझं डावं चाक जरा बघ. पडद्यांची ही एकदाच झालेली मदत.

थांबलो. हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावला आणि नवऱ्याने हात झटकन मागे घेतला. ग्रीस वितळून बाहेर आलेलं, जळका वास. बेअरिंग गेलेलं. आता ऐका, निघायच्या तीन आठवडे आधी आम्ही एका ठिकाणी सर्व्हिसिंगला दिली होती, बिलावर स्वच्छ लिहिलंय 'व्हील बेअरिंग्ज रीपॅक्ड', म्हणजे बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरलं, पैसे मोजून घेतले, आणि नंतर मेकॅनिकने उघडून दाखवलं तेव्हा आतलं ग्रीस काळं, कोरडं, कडक, माझ्या आजीच्या देवघरातल्या समईच्या तळासारखं. त्या दुकानाचं नाव इथं लिहीत नाही, पण तेव्हापासून एक सवय लागली ती सांगते, जिथं जिथं थांबाल तिथं चारही हबना उलटा हात लावून बघा. एक चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर पुढं जाऊ नका. पाच सेकंदांचं काम आहे.

सगळ्यात जवळचं गाव म्हणजे बोवन. चाळीसच्या स्पीडने, हॅझर्ड लाइट लावून, मध्येमध्ये थांबून गार होऊ देत कसंबसं पोचलो. शुक्रवारची संध्याकाळ. मेकॅनिक फोनवर म्हणाला पार्ट टाउन्सविलहून येणार, ते दोनशे किलोमीटर लांब, सोमवारच्या आधी काही नाही.

जुलैमध्ये नॉर्थ क्वीन्सलँडचे कॅरॅव्हॅन पार्क म्हणजे गणपतीतली कोकण रेल्वे. दक्षिणेतली थंडी चुकवायला मेलबर्न-ॲडलेडचे सगळे रिटायर्ड लोक वर सरकतात, इथं त्यांना ग्रे नोमॅड म्हणतात, आणि ते एकेका पार्कात दोन-दोन महिने ठिय्या देऊन बसतात. पहिल्या दोन पार्कांनी नाही म्हटलं. तिसऱ्यातली बाई आईकडे बघून विरघळली (आई तेव्हा गाडीत बसून उशी कुरवाळत होती आणि फार थकलेली दिसत होती, प्रत्यक्षात तिला फक्त चहा हवा होता) आणि म्हणाली की शेवटी कुंपणाजवळ एक कोपरा आहे, नेहमी देत नाही, जमीन तिरकी आहे, चालेल का? म्हटलं बाई, उभं राहायला द्या.

मग रिव्हर्स. ज्यांनी कॅरॅव्हॅन ओढलेली नाही त्यांना सांगते, पार्कात नवीन कोणी आलं की संध्याकाळी सगळे आपापल्या खुर्च्या रस्त्याकडे वळवून बसतात, हातात बिअर, आणि नवराबायको गाडी मागे घेताना कशी भांडतात ते बघतात. फुकटचं नाटक. आमच्याकडे तर कलाकार जास्त होते. मी मागून हात दाखवतेय, लेक "लेफ्ट बाबा लेफ्ट" ओरडतेय, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की कॅरॅव्हॅन डावीकडे जाते हे नवऱ्याला माहीत आहे पण टेन्शनमध्ये विसरतो, आणि अप्पा मध्येच उभे राहून "येऊं दे, येऊं दे, येऊं दे" करतायत, एस्टी स्टँडवरच्या कंडक्टरसारखं. सहाव्या प्रयत्नात बसली. टाळ्या पडल्या. खरंच पडल्या.

रात्री अडीचला आईने मला उठवलं. ॲनेक्सची चेन उघडून, हातात मोबाइलचा टॉर्च. "गो, कोण रडता?"

ऐकलं तर खरंच, कोणीतरी बाई लांब सूर काढून रडत होती. थांबायची, मग दुसऱ्या बाजूने दुसरी. अंगावर काटा. मला माहीत होतं की ते पक्षी आहेत, कर्लू, उंच काटकुळे पाय, मोठे पिवळे डोळे, दिवसभर झुडपाखाली पुतळ्यासारखे उभे राहतात आणि रात्री असं ओरडतात. आईला सांगितलं पक्षी आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला हडळीबद्दल फसवतेय. आतून अप्पांचा आवाज आला, "देवचार ऑस्ट्रेलियात इलो काय रे?" आणि ते परत घोरायला लागले.

सकाळी मी चहा टाकत होते तर अप्पा दिसेनात. बाहेर आले तर कुंपणापाशी उभे. मान वर. आमच्या कॅरॅव्हॅनच्या बरोबर मागे, कुंपणापलीकडच्या परसातलं एक भलंमोठं झाड निम्मं आमच्या बाजूला वाकलेलं होतं. रात्री अंधारात कळलंच नव्हतं.

"अगो, ह्यो बघ. मोहोर इलो हा."

मी म्हटलं काय?

"मोहोर! जुलयात! उलटोच कारभार सगळो." त्यांनी एक तुरा हळूच खाली ओढला, नाकाला लावला आणि डोळे मिटले. मीही वास घेतला. काय सांगू, मी ऑस्ट्रेलियात अकरा वर्षं आहे, ब्रिस्बेनमध्येही आंब्याची झाडं आहेत, येता-जाता दिसतात, पण मी कधी थांबून मोहोराचा वास घेतला नव्हता. तो गोडसर, जरासा आंबूस, धुळकट वास. आमच्या घरी जानेवारीत पडवीत बसलं की येतो तोच.

अप्पांनी मग काय केलं, तुऱ्याला टिचकी मारली. एकदा, दोनदा. मग दुसऱ्या तुऱ्याला. पानं उलटी करून बघितली. लेक विचारतेय आजोबा काय करतायत, मी सांगितलं तुडतुडे बघतायत. तुडतुडे म्हणजे बारीक पाचरीसारखे किडे, मोहोराचा रस शोषतात, वर चिकट गोड टाकतात, त्यावर काळी बुरशी येते आणि सगळा मोहोर करपून जातो. टिचकी मारली की टुणकन उडतात, म्हणून टिचकी. देवगडला अप्पांचं आयुष्य या तुडतुड्यांशी भांडण्यात गेलं. "नायत," ते म्हणाले, आणि आवाजात आनंदापेक्षा थोडा हेवाच जास्त होता.

पलीकडून एक म्हातारबा हे सगळं बघत होते. शॉर्ट्स, बनियन, उन्हाने तांबूस झालेलं नाक, हातात कॉफीचा मग. मला वाटलं आता म्हणतील झाडाला हात का लावता. ते म्हणाले, तुमचे वडील आंबेवाले का?

त्यानंतरचे तीन दिवस अप्पा आमचे राहिले नाहीत, त्या आजोबांचे झाले.

बोवनला आंब्याचं काय महत्त्व आहे हे मला तोवर नीट माहीत नव्हतं, हे कबूल करते. ऑस्ट्रेलियात दुकानात जो केन्सिंग्टन प्राइड आंबा मिळतो, ज्याला बरेच लोक सरळ बोवन मँगोच म्हणतात, तो या गावातून पसरला. गावाच्या दक्षिणेला हायवेवर टुरिस्ट सेंटरसमोर दहा मीटर उंच खोटा आंबा उभा केलाय, बिग मँगो, 2002 पासून आहे. 2014 मध्ये तो एका रात्री गायब झाला, देशभर बातम्या, आणि मग कळलं की एका चिकनवाल्या कंपनीने जाहिरातीसाठी तो पळवून जवळच्याच झाडीत लपवला होता. सात टनांचा आंबा. अप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडे खरे आंबे चोरतत, हडे खोटे." (आत सेंटरमध्ये मँगो सॉर्बे मिळतं, ते मात्र जरूर खा, फळ नसलेल्या महिन्यात तोच काय तो आधार.)

पण मूळ गोष्ट ही की हा आंबा आला भारतातून. एकोणिसाव्या शतकात बोवन बंदरातून ब्रिटिशांच्या हिंदुस्थानातल्या फौजेसाठी घोडे जहाजाने जायचे, आणि येताना त्या जहाजांतून आंबे आले, त्याच्या कोया इथं लावल्या गेल्या, आणि जवळच्या केन्सिंग्टन नावाच्या जागेवरच्या झाडांवरून जातीला नाव पडलं, असं इथं सांगतात. आजोबांनी हे सगळं लेकीला सांगितलं, लेकीने मला तिच्या मराठीत, मी अप्पांना मालवणीत. अप्पांनी शांतपणे ऐकलं.

"घोडे दिले आणि आंबे घेतले?"

हो.

"मगे काय फसले नाय."

पण खरा धक्का पुढं होता. आजोबा म्हणाले हे झाड त्यांनी स्वतः कोयीतून लावलंय, कलम वगैरे काही नाही, आणि तरी फळ अगदी आईच्या झाडासारखंच. अप्पांना पटेना. हापूस कोयीतून लावला तर काय येईल देव जाणे, म्हणून तर कलम बांधायचं, आमच्या बागेत सगळी कलमं, आणि कोयीचं झाड म्हणजे रायवळ, प्रत्येकाची चव वेगळी, लोणच्याला नाहीतर रस चोखायला. नवऱ्याने फोनवर शोधून वाचून दाखवलं की हापूसच्या कोयीतून एकच रोप येतं आणि ते संकरातून झालेलं असतं, पण काही जातींच्या एका कोयीतून चार-पाच रोपं येतात आणि त्यातली बहुतेक थेट आईच्याच पेशींपासून, म्हणजे आईची हुबेहूब नक्कल, आणि केन्सिंग्टन त्यातला. अप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे ह्यो रायवळच मगे!" आणि एकदम खूश झाले, म्हणजे हापूसची गादी शाबूत राहिली ना.

त्या दोघांचं बोलणं बघण्यासारखं होतं. अप्पांचं इंग्रजी म्हणजे बँकेच्या फॉर्मपुरतं. आजोबांचं इंग्रजी मला पण निम्मं कळत नव्हतं, ते तोंड उघडतच नाहीत. मी सुरुवातीला दुभाषी म्हणून बसायचे, नंतर उठून गेले तरी त्यांचं चालूच. रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा पाहिलं, आजोबांनी डावा हात पुढे केलेला, मनगटाच्या वर एक जुना काळपट डाग, भाजल्यासारखा. बोट देठाकडे, मग डागाकडे. आंब्याचा चीक. तोडताना देठातून जो उडतो तो. अप्पांनी शर्टाची बाही वर केली आणि कोपराजवळचा आपला दाखवला. मग गळ्याजवळचा. आजोबांनी गुडघ्याचा. मग दोघं हसत बसले, आणि एकही शब्द नाही.

अप्पांनी लेकीच्या वहीत झेला काढून दाखवला, लांब बांबू, टोकाला जाळी, आत पातं. आजोबा शेडमधून त्यांचा घेऊन आले, ॲल्युमिनियमचा, जाळीऐवजी कापडी पिशवी. अप्पांनी तो हातात घेऊन वजन बघितलं आणि मला म्हणाले, "हलको आसा, पण पिशयेत आंबो दिसाचो नाय." हे भाषांतर मी केलं नाही.

आता तुम्ही म्हणाल समुद्राचं काय, गाव समुद्रावर आहे ना. आहे, आणि फार सुंदर आहे. हॉर्सशू बे म्हणून एक छोटीशी खाडी आहे, दोन्ही बाजूंना गोल गोल ग्रॅनाइटचे धोंडे, इतके गुळगुळीत की कोणी घासून ठेवल्यासारखे, आणि पाणी हिरवं. तिथून डोंगरकडेने पायवाट जाते मरे बेकडे. किनाऱ्यापासून थोडं पोहत गेलं की कोरल, बोट नको, तिकीट नको. जुलैमध्ये जेलीफिशचा सीझन नसतो (साधारण नोव्हेंबर ते मे असतो, तेव्हा स्टिंगर सूटशिवाय पाण्यात जाऊ नका, किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात त्या शोभेच्या नाहीत). लेक आणि नवरा दोन दिवस पाण्यातच होते. मी पाय बुडवून बसले, गार होतं बाबा. आईने धोंडे बघून विचारलं, "हडे जांभो नाय?" नाही आई, जांभा नाही.

फ्लॅगस्टाफ हिलवर गेलो तेव्हा ती जरा गप्प झाली. वरून एकीकडे गाव, रुंदच रुंद रस्ते, मिठागरं, दुसरीकडे समोर स्टोन आयलंड, लांब ग्लॉस्टर आयलंड निळसर. तिथं वाचलं की हा जुरू लोकांचा मुलूख. वसाहतवाल्यांनी 1861 मध्ये गाव वसवलं, नॉर्थ क्वीन्सलँडमधलं सगळ्यात जुनं. त्याच्याही आधी 1846 मध्ये बुडालेल्या एका जहाजावरचा जेम्स मॉरिल नावाचा खलाशी इथल्या मूळ लोकांमध्ये सतरा वर्षं राहिला होता, त्यांनी त्याला सांभाळला, आणि 1863 मध्ये तो परत गोऱ्यांकडे आला. तो 1865 मध्ये याच गावात वारला. आईने विचारलं, सतरा वर्षांनी त्याला आपली भाषा येत होती का? मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. मी लेकीकडे बघितलं, ती फोनवर फोटो बघत होती.

शिवाय गावातल्या पाण्याच्या टाकीवर 'बोवनवुड' असं लिहिलंय, 2007 मध्ये इथं एका मोठ्या पिक्चरचं शूटिंग झालं होतं, गावाला जुनं डार्विन बनवलं होतं. गाववाले अजून सांगतात. वीस वर्षं होत आली तरी सांगतात, म्हणजे नंतर फारसं काही घडलं नसावं.

मासे! हे राहूनच जात होतं. बंदराजवळ मासळीच्या दुकानात आई गेली आणि काचेतून बघून ओरडलीच, "सुरमय!" वर लिहिलेलं स्पॅनिश मॅकरल. तीच ती, आपलीच सुरमई. शेजारी बारामुंडी, म्हणजे रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तो. आईने सुरमईच्या तुकड्या पाडून घेतल्या, बोट आडवं धरून जाडी दाखवली, दुकानातल्या पोराने दोनदा परत कापल्या. बॅगेतून कोकम, मालवणी मसाला (हो, आणला होता, विमानतळावर सगळं डिक्लेअर केलं होतं, पुढं काही विचारू नका), रवा. ॲनेक्समध्ये गॅसवर तवा ठेवला आणि वीस मिनिटांत आजूबाजूचे चार ग्रे नोमॅड 'असंच फिरत' आमच्या साइटवरून गेले. शेवटी आईने ताटलीत भरून वाटल्या. बदल्यात आम्हाला मिळाले स्कोन, एक भोपळा, आणि कॅरॅव्हॅन रिव्हर्स कशी करावी यावर तीन वेगवेगळ्या लोकांचे तीन वेगवेगळे सल्ले.

चिलटं मात्र वाईट. संध्याकाळी भरती उतरली की येतात, दिसत नाहीत, दुसऱ्या दिवशी पाय बघितले की कळतं. अप्पांना एकही चावलं नाही. सुपारीमुळे म्हणतात, मला खरं वाटत नाही.

सोमवारी दुपारी मेकॅनिक आला, दोन्ही बाजूंची बेअरिंग्ज बदलली, जुनं हातात ठेवून दाखवलं, रोलर निळे पडलेले. आणखी साठ-सत्तर किलोमीटर गेला असता तर चाक तुमच्या पुढं निघालं असतं, म्हणाला. नवऱ्याचा चेहरा पांढरा. मंगळवारी सकाळी निघायचं ठरलं. केर्न्सचं बुकिंग पुढं ढकललंच होतं, आता रीफला एकच दिवस मिळणार होता. मला वाटलं अप्पांना वाईट वाटेल. अप्पांनी विचारलं, "आणि एक दिवस ऱ्हवलो तर?"

निघताना आजोबा एक डबा घेऊन आले. फ्रीझरमधला, गेल्या डिसेंबरचा आंबा, फोडी करून ठेवलेला. अप्पांनी तिथंच उघडला, बर्फासारखी गार फोड तोंडात टाकली, बराच वेळ घोळवली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतायत, आजोबा तर परीक्षेला बसल्यासारखे. मला वाटलं आता हापूसपुराण सुरू होणार.

"गुड," अप्पा म्हणाले. इंग्रजीत. मग गाडीत बसल्यावर, काच वर गेल्यावर, मला म्हणाले, "वाईच टर्पेंटाइनचो वास येता. पण खोटा कित्याक बोलू, बरो आसा." आणि डबा टाउन्सविल यायच्या आत संपवला, कोणाला एक फोड दिली नाही.

रीफ त्यांनी बघितलं. काचेच्या बोटीतून. "मासे बरे होते," एवढंच.

ऑगस्टमध्ये ते परत गेले. नोव्हेंबरच्या शेवटी इथं दुकानात बोवनचे आंबे आले, मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत अप्पांचा फोन. मला वाटलं भाव विचारतील. त्यांनी विचारलं, "त्या कुंपणावरल्या झाडाक किती धरले?"

मला काय माहीत? पण आजोबांचा नंबर होता, मेसेज केला. रात्री उत्तर आलं की मोहोर भरपूर होता, धरलेही चांगले, पण वटवाघळांनी निम्मे खाल्ले, जाळी टाकायला उशीर झाला. अप्पांना सांगितलं.

"वटवाघळां? आमच्याकडे माकडां आसत मेली," अप्पा म्हणाले, आणि मग दहा मिनिटं माकडांवर बोलले, कुठल्या वाडीत किती, कोणाच्या किती पेट्या गेल्या, फटाके लावून काही होत नाही, आणि मग फोन आईकडे दिला.